नरवीर चिमाजी आप्पा : भावनांचा तोल सांभाळणारा सेनानी

मीरा-भाईंदरच्या एका टोकाला घोडबंदरचा किल्ला आहे. दुसऱ्या टोकाला, उत्तनजवळच्या चौक गावी, समुद्राकडे तोंड करून धारावीचा किल्ला उभा होता. आज तेथे त्याचे थोडेच अवशेष उरले आहेत. भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईचा प्रचंड कोट आहे. या तिन्ही स्थळांना एका सूत्रात गुंफणारे नाव म्हणजे नरवीर चिमाजी आप्पा. धारावीच्या टेकडीवर आणि वसईच्या किल्ल्यात त्यांची स्मारके उभारण्यात आली आहेत. परंतु वसई जिंकणारा शूर सेनापती एवढीच त्यांची ओळख पुरेशी नाही. जिंकण्यापूर्वी, जिंकताना आणि जिंकल्यानंतर माणसांची मने ओळखून वागण्याची जी शक्ती त्यांच्या ठायी होती, ती त्यांच्या तलवारीइतकीच मोलाची होती.

या शक्तीला आजचे व्यवस्थापनशास्त्र भावनिक बुद्धिमत्ता असे म्हणते. १९९० मध्ये पीटर सॅलोव्ही व जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना शास्त्रीय स्वरूपात मांडली आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या ग्रंथामुळे ती जगभर पोहोचली. स्वतःच्या भावना ओळखणे, त्यांना आवर घालणे, ध्येयावरील निष्ठा ढळू न देणे, समोरच्याचे मन जाणणे आणि माणसे जोडणे ही तिची पाच अंगे मानली जातात. शब्द नवा असला तरी गुण जुना आहे. आपल्याच परिसराच्या इतिहासात त्याचे ठळक उदाहरण सापडते.

धाकटेपणाचा मोठेपणा

चिमाजी आप्पांचा जन्म १७०७ चा. श्रीवर्धनच्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ हे त्यांचे वडील आणि राधाबाई या मातोश्री. थोरले बंधू बाजीराव यांचा जन्म १७०० मधला, म्हणजे दोघांत सुमारे सात वर्षांचे अंतर. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ छत्रपती शाहू महाराजांचे पेशवे झाले. १७२० च्या एप्रिल महिन्यात त्यांचे निधन झाले आणि अवघ्या विशीतील बाजीरावांकडे पेशवेपद आले. त्या वेळी चिमाजी आप्पा जेमतेम तेरा वर्षांचे होते. त्याच वर्षी शाहू महाराजांनी त्यांनाही सरदारी आणि पंडित हा किताब दिला.

घराण्यात दोन कर्तबगार भाऊ असले की स्पर्धा निर्माण होते, हा राजघराण्यांपासून व्यापारी पेढ्यांपर्यंत सर्वत्र येणारा अनुभव आहे. मोगल राजपुत्रांच्या भाऊबंदकीने त्या काळी अवघे उत्तर हिंदुस्थान हादरले होते. पुण्यात मात्र असे घडले नाही, आणि याचे मोठे श्रेय धाकट्या भावाच्या स्वभावाला द्यावे लागते. बाजीराव तडफदार, आक्रमक, महिनोन्‌महिने घोड्यावर असणारे. त्यांच्या मोहिमा बहुतांशी कर्जावर चालत. मागे राहून कारभार पाहणे, साताऱ्याच्या दरबारात शाहू महाराजांचा विश्वास टिकवणे, प्रतिपक्षाची कुजबूज शमवणे आणि घरातील मुलांना वळण लावणे ही कामे प्रामुख्याने आप्पांकडे असत. या कामांचे पोवाडे होत नाहीत. तरीही ती त्यांनी वर्षानुवर्षे मनापासून केली.

स्वतंत्र सेनापती म्हणूनही ते कमी नव्हते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यातील अमझेरा येथे त्यांनी गिरिधर बहादूर व दया बहादूर या मोगल सरदारांचा निर्णायक पराभव केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकवीस होते. या विजयाने माळव्याचे दार मराठ्यांना उघडले. १९ एप्रिल १७३६ रोजी कुलाबा प्रांतात रेवसजवळ जंजिऱ्याचा पराक्रमी सरदार सिद्दी सात त्यांच्याशी झालेल्या लढाईत मारला गेला आणि कोकणातील एक मोठे भय संपले. इतके यश पदरी असूनही १७३७ च्या अखेरीस भोपाळजवळ बाजीरावांनी निजामाला कोंडले, तेव्हा आप्पा दूर तापीकाठी वरणगाव येथे मुक्काम ठोकून होते. दक्षिणेतून निजामपुत्र नासिरजंग मदतीला जाऊ नये म्हणून वाट अडवणे एवढेच त्यांचे काम होते. लढाईची कीर्ती थोरल्या भावाची होती आणि तिला आधार देणारी पहाऱ्याची जागा धाकट्याची होती. आपली जागा ओळखून ती कमीपणा न मानता सांभाळणे हे आत्मभान फार थोड्या कर्त्या पुरुषांना साधते.

साष्टीची हाक

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून वसई व तिच्या परिसराचा ताबा पोर्तुगीजांना मिळाला होता. साष्टी बेट, ज्यात आजचे मीरा-भाईंदरही येते, दोनशे वर्षे त्यांच्या अमलाखाली राहिले. धार्मिक बाबतीतील जाचामुळे येथील रयत गांजली होती. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक व त्यांच्या बंधूंनी ही गाऱ्हाणी पेशव्यांपर्यंत पोहोचवली आणि मोहिमेची गुप्त तयारी करण्यात मोठा वाटा उचलला.

१७३७ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस मराठी फौजा साष्टीत उतरल्या. ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला हाती आला आणि घोडबंदरही घेतले गेले. वसई मात्र दाद देईना. तीन बाजूंनी पाणी, उंच दगडी तटबंदी आणि समुद्रमार्गे येणारी रसद यांमुळे तो कोट अजिंक्य समजला जात असे. शिड्या लावून वर चढण्याचे प्रयत्न फसले, माणसे पडली आणि पावसाळा आला. या काळात वेढ्याची जबाबदारी शंकराजी केशव फडके यांच्याकडे होती.

अपयश आले की दोष कोणाच्या तरी माथी मारून मोकळे होणे हा सोपा मार्ग असतो. आप्पांनी तो पत्करला नाही. शंकराजीपंतांचे कोकणचे ज्ञान, स्थानिक लोकांशी असलेला त्यांचा संबंध आणि त्यांची निष्ठा यांची किंमत त्यांना ठाऊक होती. त्यांनी पंतांना कामावर कायम ठेवले आणि पुढे वसई हाती आल्यावर त्याच शंकराजीपंतांना तेथील सरसुभेदारी मिळाली. एकदा अपयशी ठरलेल्या माणसाला त्याच कामात यशस्वी होण्याची संधी देणे यासाठी नेत्याजवळ पारख लागते आणि धीरही लागतो.

माणसे जोडणारा सेनापती

१७३८ च्या अखेरीस आप्पा स्वतः मोठ्या फौजेनिशी कोकणात उतरले. त्यांची प्रकृती मुळातच नाजूक होती. छातीच्या विकाराने ते वारंवार बेजार होत. कोकणची दमट हवा त्यांना मानवणारी नव्हती. तरीही हुकूम सोडून दूर बसण्यापेक्षा त्यांनी छावणीत राहणे पसंत केले.

थेट वसईवर न जाता त्यांनी प्रथम तिचे आधार तोडले. १७३९ च्या जानेवारीत माहीम व तारापूर घेतले. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर हा जिवाभावाचा सरदार गोळी लागून पडला. पेशवे घराण्याने बाजी भिवरावांच्या मातोश्रींचे पत्राने सांत्वन केले. फौजेच्या खर्चात पडलेल्या माणसांचा हिशेब मांडता येतो, पण त्यांच्या घरचे दुःख कोणत्याही वहीत जमा होत नाही, ही जाणीव त्या घराण्याला होती. ज्याच्या मागे आपल्या आईची कोणी विचारपूस करील असा भरवसा सैनिकाला असतो, त्याच्यासाठी तो तटावर चढतो.

फेब्रुवारीत वसईचा वेढा आवळला गेला. मार्चमध्ये धारावीचा किल्ला मराठ्यांनी घेतला. खाडीच्या मुखाशी असलेल्या या ठाण्यामुळे वसईची जलमार्गाची मदत रोखणे शक्य झाले. समुद्रात मानाजी आंग्रे यांचे आरमार पहारा करीत होते. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्यासारखे मातब्बर सरदार वेढ्यात सामील होते. त्यांतील प्रत्येक जण स्वतःच्या प्रांतात धनी होता, मानी होता आणि त्यांच्यात चढाओढही होती. अशा माणसांना एका मोर्चात बांधून ठेवणे केवळ अधिकाराच्या बळावर जमत नाही. प्रत्येकाचा मान राखून, प्रत्येकाला त्याच्या योग्यतेचे काम देऊन आप्पांनी ते साधले.

वेळेची टंचाई फार मोठी होती. त्याच सुमारास इराणचा नादिरशहा दिल्लीत शिरला होता आणि मार्च १७३९ मध्ये तेथे भीषण कत्तल झाली होती. तो दक्षिणेकडे वळल्यास त्याला तोंड देण्यासाठी बाजीरावांना फौज हवी होती आणि ती वसईत गुंतली होती. मे महिना संपला की पाऊस सुरू होऊन वेढा उठवावा लागला असता. अशा वेळी उतावीळपणा किंवा निराशा यांपैकी काहीही घातक ठरले असते. किल्ला हाती येत नसेल तर आपले मस्तक तोफेच्या तोंडी देऊन तरी ते किल्ल्यात पडू द्यावे, असे आप्पांनी सरदारांना सांगितल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, छावणीतील वातावरण तिच्यातून कळते. थकलेल्या माणसांवर न रागावता, सेनापतीने स्वतःचा जीव प्रथम पणाला लावला, असे लोकांना वाटले आणि ते त्यांच्या स्मरणात राहिले.

विजयाच्या क्षणीचा संयम

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तटाखाली पेरलेले सुरुंग उडवण्यात आले. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत आणि पुढे धावलेली आपलीच माणसे त्यांत सापडली. पोर्तुगीजही शौर्याने लढले. त्यांचा सेनानी मार्टिन्हो दा सिल्व्हेरा वेढ्यात आधीच ठार झाला होता. दारूगोळ्यासाठी त्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे चर्चमधील चांदीची भांडी गहाण ठेवून १५ हजार रुपयांचे कर्ज उचलले होते. शेवटी बुरूज ढासळला, मराठे आत शिरले आणि १६ मे १७३९ रोजी किल्लेदार कायतान द सौझा परेरा याने शरणागतीचा करार केला. मराठ्यांकडील मृत व जखमींची संख्या ५ हजारांच्या घरात गेली होती.

चिमाजी आप्पांच्या जीवनातील सर्वांत मोठी कसोटी या क्षणी लागली. दोन वर्षांचा संघर्ष, हजारो माणसांचे बळी, जिवलग सरदारांचे मृत्यू आणि दोनशे वर्षांच्या जाचाची आठवण या सर्वांचा भार त्यांच्या फौजेच्या मनावर होता. पराभूत शत्रू समोर होता आणि सूड घेण्यापासून अडवणारी कोणतीही बाह्य शक्ती नव्हती. त्या काळच्या युद्धांत जिंकलेले शहर लुटणे ही जवळजवळ रूढी होती. दिल्लीत काय झाले होते ते सर्वांना ठाऊक होते.

आप्पांनी दिलेल्या अटी पाहिल्या म्हणजे त्यांच्या मनाचा तोल ध्यानात येतो. पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह, ढोल वाजवीत आणि निशाणे फडकवीत सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा देण्यात आली. निघण्यासाठी आठ दिवसांची मुदत मिळाली. जे नागरिक जाऊ इच्छितील त्यांनी आपली जंगम मालमत्ता घेऊन जावे, जे राहतील त्यांना त्यांच्या धर्माचे पालन करण्याची मोकळीक असावी आणि दोन्ही बाजूंच्या कैद्यांची अदलाबदल व्हावी, असे ठरले. २३ मे १७३९ रोजी पोर्तुगीज वसई सोडून गेले. दिलेला शब्द पाळला गेला.

किल्ल्यातील एका पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या घरची स्त्री हाती लागली असता आप्पांनी तिला मानाने परत पाठवल्याची कथाही लोकांत सांगितली जाते. ती कागदपत्रांच्या कसोटीस किती उतरते हा इतिहासकारांचा विषय आहे. परंतु जनतेने ही कथा नेमकी याच सेनापतीच्या नावाने जपली, यात त्यांच्या लौकिकाची साक्ष आहे.

ही केवळ दया होती असे म्हणता येणार नाही. समोरच्याचे मन जाणणारी ती दूरदृष्टी होती. मरणाशिवाय दुसरी वाट नाही असे ज्या शत्रूला वाटते, तो शेवटच्या थेंबापर्यंत लढतो. सन्मानाने बाहेर पडण्याची वाट दिसली की तो शस्त्र खाली ठेवतो. त्यामुळे दोन्ही बाजूंची पुढील प्राणहानी टळली. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर आप्पांनी त्या दिवशी आपल्या राज्याची पत निर्माण केली. तिचे फळही लवकर मिळाले. वसई पडताच धास्तावलेल्या मुंबईच्या इंग्रजांनी कॅप्टन इंचबर्ड यास बोलणी करण्यासाठी आप्पांकडे पाठवले आणि १७३९ च्या जुलैमध्ये उभयपक्षी करार होऊन व्यापाराच्या सवलती ठरल्या. ज्याचा शब्द पाळला जातो त्याच्याशीच कोणी व्यवहार करतो.

उत्तन, डोंगरी, गोराई आणि वसईच्या गावांतून आजही ख्रिस्ती समाज आपल्या चालीरीतींसह नांदतो आहे. धारावीच्या टेकडीवर चिमाजी आप्पांचे स्मारक आणि खाली गावात चर्चची घंटा हे एकाच परिसरातील चित्र १७३९ च्या त्या कराराची आठवण करून देते. दुसरीकडे आप्पांनी मोहिमेपूर्वी केलेल्या नवसाप्रमाणे वज्रेश्वरी देवीचे मंदिरही उभे राहिले. स्वतःच्या श्रद्धेवर दृढ असणे आणि दुसऱ्याच्या श्रद्धेला धक्का न लावणे, या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठायी नांदू शकतात, हे त्यांनी कृतीने दाखवले.

घरातील कसोटी

रणांगणावर जे साधले ते घरात साधणे अधिक कठीण गेले. बाजीराव आणि मस्तानी यांच्या संबंधावरून पेशवे घराण्यात मोठा पेच निर्माण झाला होता. मातोश्री राधाबाईंचा विरोध, पुण्यातील सनातन्यांचा रोष आणि घराण्याच्या लौकिकाची चिंता यांच्या कात्रीत आप्पा सापडले. १७४० च्या प्रारंभी बाजीराव नासिरजंगाविरुद्धच्या मोहिमेवर असताना मस्तानीला पुण्यात नजरकैदेत ठेवण्यात आले. बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांच्या पुढाकाराने हे झाले आणि त्यात आप्पांची संमती होती.

परिणाम उलट झाला. फेब्रुवारी १७४० मध्ये मुंगी-पैठणचा तह होऊन मोहीम यशस्वी झाली, पण बाजीराव मनाने खचले. बंधूंची ती अवस्था पाहून आप्पा व्याकूळ झाले. नानासाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली काळजी व्यक्त केली आणि पुण्यास परतल्यावर मस्तानीला बाजीरावांकडे पाठवावे असा विचारही मांडला. तो अमलात येण्यास वेळ उरला नाही. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले.

शत्रूला सन्मानाची वाट देणाऱ्या या पुरुषाला प्रत्यक्ष भावाच्या मनाची वाट वेळेवर मोकळी करता आली नाही, ही त्यांच्या चरित्रातील खंत आहे. तिच्याकडे डोळेझाक करणे चरित्रनायकाच्या थोरवीला शोभणार नाही. भावनिक बुद्धिमत्ता हे एकदा मिळवून तिजोरीत ठेवण्याचे धन नव्हे. प्रत्येक प्रसंगी, प्रत्येक माणसाबाबत ती नव्याने कमवावी लागते. जनरीतीचा दाब आणि आप्तांचा आग्रह वाढला की जाणत्या माणसाचेही जवळच्यांच्या दुःखाकडे दुर्लक्ष होते. आप्पांना ते उमगले होते, पण उशिरा.

अखेरचे कर्तव्य

बाजीरावांच्या निधनाची वार्ता आली तेव्हा आप्पा व नानासाहेब कुलाब्याच्या बाजूस आंग्रे बंधूंच्या तंट्यात गुंतले होते. पेशवेपद रिकामे झाले. साताऱ्याच्या दरबारात भट घराण्याचे विरोधक सावध झाले. वसईचा विजेता, अनुभवी कारभारी आणि शाहू महाराजांच्या विश्वासातील पुरुष म्हणून आप्पांनी स्वतःसाठी दावा सांगितला असता, तर तो अवास्तव ठरला नसता. त्यांनी मात्र एकोणीस वर्षांच्या पुतण्यामागे आपली सारी शक्ती उभी केली आणि १७४० मध्येच नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. आपण घडवलेल्या तरुणाला पुढे करून स्वतः मागे उभे राहण्याची तेरा वर्षांच्या वयापासूनची रीत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

भावाच्या वियोगाने आणि जुन्या आजाराने ते झपाट्याने क्षीण होत गेले. १७ डिसेंबर १७४० रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. पुण्यात ओंकारेश्वर मंदिराच्या परिसरात त्यांची समाधी आहे. त्यांचे पुत्र सदाशिवराव भाऊ, ज्यांची आई त्यांच्या जन्मानंतर महिन्याभरातच वारली होती, ते त्या वेळी दहा वर्षांचे होते.

आजच्या काळासाठी

संस्था असो, पेढी असो वा कुटुंब असो, तिचा कारभार चालवणाऱ्याला हे प्रसंग रोज लहान प्रमाणात भेटत असतात. चुकलेल्या सहकाऱ्याला दूर लोटावे की पुन्हा काम द्यावे? कीर्ती दुसऱ्याला मिळत असताना आपली जागा मन लावून सांभाळता येईल का? वादात आपली बाजू वरचढ ठरली असता प्रतिपक्षाला मान खाली न घालता निघण्याची वाट ठेवली जाईल का? आणि बाहेर इतके समंजस असणारे आपण घरच्यांच्या मनाचा आवाज ऐकतो का? अनेक संस्था पैशाच्या टंचाईपेक्षा याच प्रश्नांच्या चुकीच्या उत्तरांमुळे फुटतात, आणि ज्या टिकतात त्या कोणीतरी योग्य वेळी आपला राग गिळल्यामुळे टिकतात.

वसईचा कोट आज ओस आहे. धारावीच्या तटाचे दगडही निखळले आहेत. परंतु विजयाच्या घटकेला स्वतःला आवरून शत्रूला दिलेला आणि पाळलेला शब्द पावणेतीनशे वर्षांनंतरही या भूमीच्या स्मरणात आहे. साष्टीच्या या थोर सेनानीस विनम्र अभिवादन!